खातं कुणाच्या नावावर?

(युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला ‘डिजिटल सुरक्षा’ हा विषय दिला होता. तो फार मोठा आहे आणि त्यातलं मला थोडंच कळतं. म्हणून मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे, कारण ती मी हरवली होती. ही बघा. किंडल. पुस्तकं वाचायचं यंत्र. तुमच्यापैकी कुणाकुणाकडे आहे, हात वर करा. नऊ... दहा. बरं. आता ज्यांचं किंडल स्वतःच्या खात्यावर आहे, म्हणजे स्वतःचा ईमेल, स्वतःचा मोबाइल नंबर, स्वतःचा पासवर्ड, त्यांनीच हात वर ठेवा.

चार राहिले. मुली त्यात एकच.

वर्षभरापूर्वी मीही हात खालीच केला असता.

माझा भाऊ दम्मामला नोकरीला आहे. मी पुण्याला शिकायला गेले, तेव्हा त्याने हे मला भेट म्हणून मागवलं. अ‍ॅमेझॉनवर किंडल मागवताना ‘ही भेट आहे’ असं सांगितलं नाही, तर ते येतानाच मागवणाऱ्याच्या खात्याशी जोडून येतं. मी डबा उघडला, वायफाय लावलं, पडद्यावर भाईजानचं नाव. मला तर बरंच वाटलं. भावाचं नाव, भावाची भेट. तो खात्यात पैसे टाकून ठेवायचा, मी त्यातून पुस्तकं घ्यायचे. होस्टेलच्या खोलीत आम्ही तिघी, माझ्या वाट्याला एक कपाट, तेही अर्धं. पुस्तकं ठेवायला जागा नव्हती. या दोनशे ग्रॅमच्या पाटीत एकेचाळीस पुस्तकं मावली होती.

डिसेंबरात एका शुक्रवारी संध्याकाळी मी स्वारगेटहून कराडच्या एसटीत बसले. वाचत होते. खंबाटकीच्या घाटात मला नेहमी मळमळतं, म्हणून किंडल समोरच्या सीटच्या जाळीत ठेवलं आणि डोळे मिटले. कराडला दोन पिशव्या घेऊन उतरले. जेवून झाल्यावर रात्री साडेनऊला पिशवीत हात घातला, तर नाही.

पहिली गोष्ट मी काय केली? मोबाइल हरवल्यावर आपण करतो तीच. ‘फाइंड माय डिव्हाइस’ शोधायला लागले. मोबाइलला रिंग देता येते, नकाशावर ठिपका दिसतो, तसं काहीतरी असेलच. नाही. अ‍ॅमेझॉनच्या फायर टॅबलेटला तशी सोय आहे, खात्यातून त्याला वाजवता येतं, कुलूप लावता येतं. वाचायच्या साध्या किंडलला नाही. त्यात जीपीएस नाही आणि ते रिंगही देत नाही. तुमच्या गादीखाली पडलेलं असेल तरी ते तुम्हाला हाक मारणार नाही. मोबाइलला आयएमईआय नंबर असतो, ‘संचार साथी’च्या पोर्टलवरून तो बंद करता येतो. वायफायवाल्या किंडलला सिम नाही, म्हणून आयएमईआयही नाही. हे सगळं मला त्या रात्री तासाभरात कळलं, आणि प्रत्येक ‘नाही’ला पोटात खड्डा पडत गेला.

मग काय करता येतं? एकच गोष्ट, आणि ती लवकर करावी लागते. खात्याचा आणि यंत्राचा संबंध तोडायचा. अ‍ॅमेझॉनच्या वेबसाइटवर खात्यात ‘मॅनेज युअर कंटेंट अँड डिव्हाइसेस’ असं पान आहे. तिथे आपली सगळी यंत्रं दिसतात. हरवलेलं निवडायचं आणि ‘डीरजिस्टर’ करायचं. यंत्र पुढच्या वेळी वायफायला लागलं की खात्यातली पुस्तकं त्यावरून जातात, दुकान बंद होतं. आपल्या खात्यात पुस्तकं शाबूत राहतात.

सोपं आहे. खातं आपलं असेल तर.

मी पान उघडलं, त्याने पासवर्ड मागितला. तो भाईजानला माहीत. त्याला मेसेज केला, त्याची रात्रपाळी, पाऊण तासाने उत्तर आलं. पासवर्ड टाकला, तर नवीन जागेवरून कुणी आत येतंय म्हणून ओटीपी मागितला. ओटीपी जाणार भाईजानच्या भारतातल्या नंबरवर. ते सिम अम्मीच्या बटणांच्या फोनमध्ये. आणि अम्मी त्या दिवशी मिरजेला खालाकडे.

रात्री साडेअकराला अम्मीला उठवलं. म्हटलं, आत्ता मेसेज येईल, त्यातले सहा आकडे मला वाच. अम्मी म्हणाली, “किसीकू बी बताना नै बोलके तूच बोली थी ना?”

तिचं बरोबर होतं. मीच तिला महिनाभर पढवलं होतं, की कुणीही फोन केला, अगदी बँकेतून म्हणाला, तरी ओटीपी सांगायचा नाही. मी म्हणाले, अम्मी, मीच आहे. ती म्हणाली, आवाज तर सगळ्यांचेच काढतात हल्ली. शेवटी खालाने फोन घेतला, माझं लहानपणीचं एक घाणेरडं नाव विचारलं, ते मी सांगितलं (इथे सांगणार नाही), आणि मग ओटीपी मिळाला. तोवर त्याची वेळ संपली होती. पुन्हा मागवला. साडेबाराला यंत्र खात्यातून तुटलं.

तीन तास. या तीन तासांत ज्याच्या हाती ते होतं, त्याला काय काय करता आलं असतं, ते मी तुम्हाला सांगते. कारण अनेकांना वाटतं, पुस्तकंच तर आहेत, घेईल आणि वाचेल, सवाब मिळेल. माझ्या किंडलला पासकोड नव्हता. उघडलं की उघडलं. त्याला पासवर्ड किंवा कार्डाचा नंबर दिसला नसता, हे खरं. पण वायफाय जोडून एका बोटाने पुस्तक विकत घेता आलं असतं, खात्यात तेव्हा अठराशे रुपये शिल्लक होते. असं खरेदी झालेलं पुस्तक सात दिवसांच्या आत परत करता येतं, पण त्यासाठी आधी ते आपल्या लक्षात यायला हवं. मी ‘सेंड टू किंडल’ने पाठवलेले सगळे कागद त्याला उघडता आले असते. आपण त्यावर काय काय पाठवतो बघा. हॉल तिकीट, बायोडाटा, आधारची प्रत असलेली पीडीएफ, कारण मोठ्या पडद्यावर नीट दिसतं.

आणि माझ्या खुणा. याबद्दल मला थोडं थांबायचंय.

मी वाचताना ओळी अधोरेखित करते आणि बाजूला लिहिते. त्या महिन्यांत घरी माझ्या स्थळाची बोलणी चालली होती. मुलगा वाईट नव्हता. पण मला काही प्रश्न होते आणि ते मी कुणाला विचारत नव्हते. म्हणून वाचत होते. निकाहनाम्यात कोणत्या अटी घालता येतात, १९३९चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा बायकांना कोणत्या कारणांवर काय देतो, असं. एका ठिकाणी मी बाजूला लिहिलं होतं, “हे मी विचारलं तर बोलणी मोडतील का?” होस्टेलवर, घरी, एसटीत, ही एकच जागा होती जिथे मी असं काही लिहू शकत होते. आता ती कुणाच्या हातात होती, मला ठाऊक नव्हतं.

एक गंमत सांगते, म्हणजे तेव्हा गंमत वाटली नव्हती. किंडलमध्ये एक सेटिंग असतं, झोपलेल्या पडद्यावर तुम्ही वाचत असलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवायचं. मला ते फार आवडायचं. ई-इंकचा पडदा चित्र धरून ठेवायला वीज खात नाही, त्यामुळे ते तसंच दिसत राहतं, भिंतीवर लावलेल्या फोटोसारखं. म्हणजे माझं किंडल जिथे कुठे पडलं होतं, तिथे ते जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होतं की ही बाई घटस्फोटाच्या कायद्यावरचं पुस्तक वाचतेय. लग्न व्हायच्या आधीच!

दुसऱ्या दिवशी मी दोन गोष्टी केल्या, एक मूर्खपणाची आणि एक शहाणपणाची.

मूर्खपणाची अशी, की कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधला आणि वर दिसला त्याला फोन लावला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, तुमचं किंडल आम्हाला नकाशावर दिसतंय मॅडम, फक्त हे एक अ‍ॅप टाका म्हणजे मी तुमचा स्क्रीन बघून मदत करतो. आदल्या रात्री मी एवढे ‘नाही’ वाचले नसते, तर मी ते अ‍ॅप टाकलं असतं. ज्या वस्तूत जीपीएसच नाही ती याला नकाशावर कशी दिसते? फोन ठेवला. कंपनीशी बोलायचं तर तिच्याच अ‍ॅपमधल्या किंवा वेबसाइटवरच्या मदतीच्या पानावरून बोला. फसलातच, तर लगेच १९३०वर फोन करा, तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे.

शहाणपणाची गोष्ट माझ्या मैत्रिणीने सुचवली. माझ्या मोबाइलमध्येही किंडलचं अ‍ॅप होतं, त्याच खात्यावर. दोन यंत्रांवर एकच पुस्तक असेल, तर अ‍ॅप आपल्याला सांगतं की दुसऱ्या यंत्रावर तुम्ही अमुक पानापर्यंत पोहोचलात, अमुक वाजता. मी पाहिलं. शेवटचं पान माझंच, होस्टेलचं वायफाय सुटण्याआधीचं. म्हणजे कुणी पुस्तक पुढे वाचून यंत्र वायफायला लावलं नव्हतं. पुरावा नव्हे, पण मला थोडी झोप लागली.

एक मात्र माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं, ते चोरीला गेलंय. शेजारच्या सीटवर एक मुलगा बसला होता, सारखा माझ्या किंडलकडे बघत होता. मी त्याचं वर्णनसुद्धा तयार ठेवलं होतं पोलिसांना द्यायला. डेपोत विचारायला मी चौथ्या दिवशी गेले. घरापासून दहा मिनिटांवर. तेही अब्बा मागे लागले म्हणून.

कंट्रोलरच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्यांनी ते उघडलं. स्टीलचे डबे, छत्र्या, एका लहान मुलाचा एकच बूट, कुणाची तरी एक्स-रेची पाकिटं. आणि दोन डब्यांच्या मधे, मुखपृष्ठासकट, माझं किंडल. गाडी झाडणाऱ्या माणसाने त्याच रात्री आणून दिलं होतं. कंट्रोलर म्हणाले, “ताई, आम्ही उघडून बघितलं, नाव पुरुषाचं, फोन नंबर कुठं नाही. कुणाला कळवायचं?” वहीत सही केली, ओळखपत्र दाखवलं. नाव माझं नव्हतं, म्हणून बिलाचा फोटो भाईजानकडून मागवावा लागला. त्या कपाटासमोर मी वीस मिनिटं उभी होते, आणि त्या शेजारच्या मुलाचा चेहरा आठवत होते. तो बहुतेक नुसताच पुस्तक वाचायचा प्रयत्न करत होता.

घरी आणलं. आता ऐका. डेपोत वायफाय नव्हतं, म्हणजे साडेबाराच्या रात्री मी दिलेला हुकूम त्याच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. पुस्तकं सगळी तिथेच होती, खुणाही. वायफायला जोडलं की जाणार. मी विमानाचं चिन्ह दाबून ठेवलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. खुणा वहीत उतरवून काढल्या, सतरा पानं झाली.

मग भाईजानला फोन केला. मिळालं म्हणून तो खूश. म्हणाला, परत माझ्याच खात्याला जोडून घे, सगळं पहिल्यासारखं होईल. मी गप्प. तो म्हणाला, “एक सांगू? तुझ्या खुणा मला दिसायच्या. माझ्या फोनवर तेच अ‍ॅप आहे ना.” अर्थात दिसणार. एका खात्यावरच्या यंत्रांमध्ये खुणा आपोआप जातात, तेच तर त्या सोयीचं कौतुक. मला हे दीड वर्षांत सुचलं नव्हतं. विचारलं, काय वाचलंस? म्हणाला, “थोडंच. नंतर बंद केलं. वाटलं, तू स्वतः सांगशील.”

माझा भाऊ चांगला माणूस आहे, हे मी मुद्दाम सांगते. त्याने कुणाला काही बोललं नाही. पण इथे बसलेल्या प्रत्येकीचा भाऊ तसाच असेल असं मी गृहीत धरू शकत नाही, आणि तो चांगला असला तरी माझ्या मनातलं त्याला कधी कळावं हे मी ठरवायला हवं होतं. वायफाय चालू केलं. मिनिटाभरात पुस्तकं नाहीशी झाली. मग मी माझ्या ईमेलवर, माझ्या नंबरवर नवीन खातं काढलं आणि त्याला जोडलं. एका खात्यावर घेतलेली पुस्तकं दुसऱ्या खात्यात हलवता येत नाहीत. एकेचाळीस पुस्तकं भाईजानकडेच राहिली. माझं कपाट रिकामं. आज त्यात नऊ आहेत.

कुणी म्हणेल, खातं तुझं झालं तरी पुस्तकं शेवटी कंपनीचीच. खरं आहे. आपण पुस्तक नाही, वाचायचा परवाना विकत घेतो. २००९च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’ ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली, कारण विकणाऱ्याकडे हक्क नव्हते. नेमकी हीच दोन पुस्तकं! पैसे परत दिले. पण मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्यावर टिपणं काढली होती, पुस्तकच गेल्यावर ती टिपणं निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला. कंपनीने माफी मागितली आणि दीड लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. पुस्तकाची किंमत काही डॉलर असेल. त्यामुळे आपल्या खुणा अधूनमधून बाहेर काढून ठेवा, ईमेलवर घ्या किंवा माझ्यासारख्या वहीत. आणि यूएसबीने टाकलेल्या फायली, म्हणजे कुणी जुनं मासिक स्कॅन करून टाकलेलं वगैरे, त्या कंपनीच्या ढगात नसतात. यंत्र गेलं की त्या गेल्या. त्यांची प्रत दुसरीकडे हवीच.

आता माझं किंडल हातोहात फिरवते, बघा. मागे कव्हरच्या आत कागद चिकटवलाय, त्यावर फक्त फोन नंबर. नाव नाही, पत्ता नाही. सेटिंगमध्येही स्वतःची माहिती लिहायला जागा असते, पण पासकोड लावला की सापडणाऱ्याला ती दिसत नाही, म्हणून कागद. पासकोड लावलाय. पासकोडने चोर थांबत नाही, तो सगळं पुसून यंत्र नवं करू शकतो, पण मग माझं त्यात काही उरत नाही, आणि मला तेवढंच हवंय. मुखपृष्ठ दाखवणं बंद. घरात लहान भावंडांनाही वाचायला देत असाल, तर पॅरेंटल कंट्रोलमधून फक्त दुकान आणि ब्राउझर बंद करता येतो, वाचन चालू राहतं.

खात्याला ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावलंय. त्याला सिम लागत नाही. ज्यांच्या घरचं कुणी आखातात आहे आणि सगळ्या घराचे ओटीपी ड्रॉवरमधल्या एका सिमवर येतात, त्यांनी हे आज रात्रीच करा. चोरीची खात्री असेल, तर कंपनीच्या मदतीच्या पानावरून कळवा. यंत्राच्या मालिका क्रमांकावर ते हरवल्याची नोंद करू शकतात, मग ते दुसऱ्या कुणाच्या खात्याला जोडता येत नाही. म्हणूनच जुनं किंडल विकत घेताना, पैसे द्यायच्या आधी, विकणाऱ्यासमोर ते स्वतःच्या खात्याला जोडून बघा.

आणि शोधायला बाहेर पडा. एसटी असेल तर डेपो, रेल्वे असेल तर १३९. पश्चिम रेल्वेवर आरपीएफ हरवलेल्या सामानाचे फोटो वेबसाइटवर टाकतं, त्या उपक्रमाचं नाव ‘मिशन अमानत’ आहे. नाव मला आवडलं. चौथ्या दिवशी नाही, पहिल्याच दिवशी जा.

प्रश्नांमध्ये कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकते. बोलणी मोडली नाहीत. मी वहीतली सतरा पानं घेऊन अब्बांसमोर बसले होते. लग्न फेब्रुवारीत आहे.

बरं, ज्या दहा जणांकडे किंडल आहे, त्यांनी ते काढा. सेटिंगमध्ये जाऊन ‘डिव्हाइस इन्फो’ उघडा. तिथे मालिका क्रमांक आहे, तो वहीत उतरवा, मोबाइलमध्ये नको. मग वर कुणाचं नाव आहे ते बघा. चार्जर माझ्याकडे दोन आहेत, चहा यायला अजून वीस मिनिटं आहेत.